खळीचा कागद

कॉलेजात नवी समिती निघाली की ती अशा माणसाच्या गळ्यात पडते, जो 'नाही' म्हणायला क्षणभर उशीर करतो. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात हा मान बहुतेक वेळा केमिस्ट्रीच्या शलाकाला मिळायचा. वृक्षारोपण तिचं करून झालं होतं. तक्रारपेटीही सांभाळून झाली होती. दोन वर्षांत त्या पेटीतून एक बसचं तिकीट आणि एक प्रेमकविता, एवढंच निघालं. आता प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं की कॉलेजचं मूल्यांकन जवळ आलंय, 'शोध नोंदणी कक्ष' काढावाच लागेल आणि तो तुम्ही बघा.

काम ऐकायला सोपं होतं. कॉलेजातल्या कुणी काही नवं शोधून काढलं असेल तर त्याने ते कुठे बोलण्याआधी, छापण्याआधी, चार पानांचा एक फॉर्म भरून कक्षाला कळवायचं. फॉर्म विद्यापीठाच्या समितीकडे जाणार, समितीला पटलं तर पुढे पेटंटचा अर्ज होणार. शलाका त्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा करून आली आणि आली ती पेटूनच. इतकी वर्षं आपण सगळे किती बावळट होतो, असं तिला वाटायला लागलं. माणसं मरमर करून काहीतरी शोधतात, उत्साहाच्या भरात सगळ्यांना सांगून मोकळी होतात, आणि एकदा कृती चारचौघांत आली की तिच्यावर कुणाचाच हक्क उरत नाही. कार्यशाळेत एक किस्सा सांगितला होता: परदेशातल्या कुठल्याशा प्राध्यापकाने आपल्या शोधाचं पोस्टर प्रयोगशाळेबाहेर चिकटवलं आणि तेवढ्यानेच त्याचं पेटंट गेलं. हा किस्सा ती प्रत्येक विभागात जाऊन सांगायची आणि पोस्टरपाशी आली की दर वेळी हसायची.

फॉर्म मात्र कुणी भरेना. बॉटनीवाल्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. मॅथ्सवाले म्हणाले, आमचं सगळं हजार वर्षांपूर्वीच शोधून झालंय. फिजिक्सचा महेंद्र तर तिला पाहिलं की दोन्ही हात वर करायचा.

"मॅडम, माझा शोध लिहून घ्या. स्टाफरूमचा पंखा बंद केला की जास्त वारा लागतो."

शलाका हसण्यावारी न्यायची, कारण या कॉलेजात एक खराखुरा शोध लागला होता हे तिला पक्कं माहीत होतं.

तो श्यामकांत सरांचा. सर तिला बी.एस्सी.ला शिकवायला होते, पुढे पीएच.डी.चे मार्गदर्शकही तेच. एकतीस वर्षं या कॉलेजात घालवून तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि आता बदलापूरला पत्नी मीनलकाकूंबरोबर राहत होते. पाण्यात विषारी क्रोमियम उतरलाय की नाही हे सांगणारी कागदाची एक पट्टी त्यांनी तयार केली होती. पाणी चांगलं असेल तर पट्टी पांढरीच राहते, नसेल तर जांभळट होते. रंगाची ही युक्ती तशी जुनीच, पाठ्यपुस्तकातली. पण ते रसायन चार दिवसांत नासतं, त्याची पट्टी करून ठेवता येत नाही, आणि तिथे सगळ्यांचं घोडं अडायचं. सरांची पट्टी वर्षभर टिकायची. टिकायची कशाने, तर मीनलकाकू सरांच्या सुती शर्टांना घालायच्या त्या खळीने. भाताच्या पेजेची साधी खळ. एकदा ती दोन दिवस तशीच राहून आंबली, वास सुटला, काकू मोरीत ओतायला निघाल्या आणि सरांनी पातेलं धरलं. पुढची चार वर्षं दोघं त्या पातेल्याच्या मागे होते. सर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काकू घरच्या ओट्यापाशी. पेज किती घट्ट हवी, किती आंबायला हवी, कागद सावलीत किती वेळ वाळवायचा, हे सगळं काकूंच्या बोटांनी ठरवलेलं होतं.

रविवारी सर स्कूटरवरून गावोगाव पट्ट्या वाटत फिरायचे. जांभूळ गावच्या वेणूबाई त्या तांदळाच्या डब्यात जपून ठेवायच्या आणि महिन्यातून एकदा विहिरीवर बसून सगळ्या आळीसमोर एक पट्टी बुडवायच्या. "पांढरी हाय, भरा गो," असं त्या म्हणाल्या की मग बायका कळश्या भरायला घ्यायच्या.

पण या पट्टीवर सरांनी कधी पेपर लिहिला नव्हता. 'अजून थोडं बघू' हे त्यांचं आयुष्यभराचं उत्तर. शलाकाने त्यांच्या पेपरांची यादी काढून बावीसच्या बावीस पेपर तपासले. खळीचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे शोध अजून शाबूत होता. लायब्ररीत बसल्या बसल्या तिला इतका आनंद झाला की समोरच्या मुलांनी वळून पाहिलं.

त्याच दिवशी ती कक्षाची पत्रकं छापायला उल्हासनगरातच, कॅम्प चारमधल्या धर्मेशच्या प्रेसवर गेली. कॉलेजची निमंत्रणं, प्रमाणपत्रं, सगळी छपाई त्याच्याकडेच व्हायची. धर्मेश सिंधी; मराठी तो गिऱ्हाइकांकडून शिकलेला आणि ती बेधडक बोलणारा. पत्रकावरची ओळ त्याने मोठ्याने वाचली. "आधी आम्हाला सांगा, मग जगाला! क्या बात है मॅडम. तुमचं लिखाण म्हणजे ना... वो रिटायरमेंटवाली बुक याद आहे? श्यामकांत सरांची? त्यातला तुमचा आर्टिकल मम्मीने माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला. रोने लगी वो. और फिर त्यात लिहिलं होतं ना, वैसाच पेजचा स्टार्च बनवला पप्पांच्या कुर्त्यासाठी. दोन दिवस बाहेर ठेवला, पूरे घर में बास! पण कुर्ता एकदम कडक, बॉस."

शलाका मनापासून हसली. सरांच्या निरोपाला कॉलेजने रिवाजाप्रमाणे शाल, श्रीफळ आणि स्मरणिका असं तिन्ही केलं होतं. स्मरणिकेची अर्धी पानं कॅम्पातल्या दुकानदारांच्या शुभेच्छांनी भरलेली, उरलेल्यात सरांवरचे लेख. शलाकाचा लेख सगळ्यांत मोठा, साडेतीन पानांचा. तो लिहिताना ती दोनदा रडली होती. लोकांना तो अजून आठवतो हे ऐकून तिला बरं वाटलं, आणि तीनशे पत्रकांची तिने पाचशे करायला सांगितली.

शनिवारी ती फॉर्म घेऊन बदलापूरला गेली. मीनलकाकू खालीच भेटल्या, भाजी घेऊन येत होत्या. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हळू आवाजात सांगितलं, "यांचं हृदय फार दमलंय गं. डॉक्टर वर्ष म्हणालेत. तेवढंही नाही कदाचित. त्यांच्यासमोर काही बोलू नकोस."

उरलेला एक जिना चढेपर्यंत शलाकाने मनाशी ठरवून टाकलं. सरांना जायचं असेल तर ते असं बिननावाचं जाता कामा नये. या पट्टीवर त्यांचं नाव लागेल, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत लागेल.

सर खुर्चीत बसले होते. खांदे उतरलेले, पण शर्ट खळीचा, कडक. फॉर्म पाहून त्यांचा चेहरा असा खुलला की शलाकाला भरून आलं. त्यांनी चष्मा लावला आणि लगेच पेन मागितलं.

"संशोधकांची नावं आणि प्रत्येकाचा वाटा. वा, हे बरं विचारलंय. मीनल, तुझं पूर्ण नाव लिहितोय गं!"

"कशावर?" काकू आतून म्हणाल्या.

"शोधावर. अर्धा तुझा."

काकू हात पुसत बाहेर आल्या आणि वाकून बघू लागल्या. सरांच्या वळणदार अक्षरात आपलं नाव त्यांनी दोनदा वाचलं. "रेशनकार्डानंतर सरकारी कागदावर माझं नाव हेच," त्या म्हणाल्या आणि हसत हसत चहा टाकायला आत गेल्या. पण आत गेल्यावर भांड्यांचा आवाज लगेच आला नाही.

सरांनी एक पान भरलं, दुसरं भरलं, तिसरं भरलं. मग ते नवव्या प्रश्नापाशी आले. हा शोध यापूर्वी कोठेही, कोणत्याही स्वरूपात छापून आला आहे काय? असल्यास तपशील व लेखकाचे नाव.

"कुठेही म्हणजे, शलाका?"

"कुठेही, सर," शलाका उत्साहाने म्हणाली. कार्यशाळेतलं सगळं आपल्याला तोंडपाठ आहे याचा तिला अभिमान होता. "मोठं जर्नलच पाहिजे असं काही नाही. सोसायटीच्या गणपतीच्या अहवालात कृती छापली असली तरी गेलं. मराठीत असो, पन्नास लोकांनी वाचलेलं असो, गेलं म्हणजे गेलं. पण तुमचं तसं काही नाहीच. मी बावीसच्या बावीस पेपर तपासलेत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"राहू दे हे इथे."

"अहो सर, एकच पान राहिलंय."

"अजून थोडं बघू," सर म्हणाले.

त्यानंतर शलाका दर शनिवारी बदलापूरला जायला लागली. सर दर वेळी एक नवं कारण काढायचे. पट्ट्या गावभर वाटल्यात, आता कसलं गुपित? शलाका सांगायची, पट्टी देणं वेगळं आणि ती कशी केली हे सांगणं वेगळं. मग म्हणाले, मी आता निवृत्त माणूस. तिने नियम दाखवला, शोध नोकरीत असताना लागलाय. मग म्हणाले, पेटंट झालं की वेणूबाईंना पट्टी विकत घ्यावी लागेल. शलाका म्हणाली, फुकट द्यायचा हक्कही तुमचाच राहील. सर कारण पुढे करायचे आणि ती ते खोडून काढायची. ज्या माणसाला विद्यापीठातले भलेभले वादात हरवू शकले नव्हते तो तिच्यापुढे आठवड्याला एकदा हरत होता, आणि तरीही सही करत नव्हता. हे काहीतरी विचित्र आहे, असं तिला तेव्हा वाटायला हवं होतं. पण ती स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होती की सरांच्या तोंडाकडे बघायला तिला सवड नव्हती.

एका शनिवारी ती आली ती चिडूनच. सकाळी प्राचार्यांनी कक्षाचे आकडे मागितले होते आणि तिने सगळ्यांसमोर शून्य असं सांगितलं होतं. महेंद्र हसला होता. इकडे सरांच्या पायांवर सूज चढलेली, खुर्चीतून उठताना धाप लागत होती, आणि फॉर्म विचारल्यावर उत्तर तेच. अजून थोडं बघू.

"किती बघणार आहात सर?" शलाकाचा आवाज चढला. "खरं सांगू? तुम्हाला भीती वाटते. समितीने नाही म्हटलं तर, याची. आयुष्यभर तुम्ही तेच केलंत. कुणी नाही म्हणू नये म्हणून कुणाला विचारलंच नाहीत. पेपर लिहिला नाहीत, बढतीला उभे राहिला नाहीत. आणि तुमच्या या बघू-बघूत काकूंचं नावही चाललंय. त्याचं तरी काही वाटतं का तुम्हाला?"

"शलाका, पुरे," काकू म्हणाल्या.

"बोलू दे तिला." सरांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं. रागावले असते तर शलाकाला परवडलं असतं, पण ते रागावले नाहीत. "असेल, शलाका. भीतीच असेल. तू चहा घेऊन जा."

ती चहा न घेता निघाली. वीस वर्षांत त्या घरातून ती पहिल्यांदाच चहा न घेता बाहेर पडली.

पुढचा शनिवार तिने अंबरनाथला घरीच काढला. त्याच्या पुढचाही. आपण बोललो ते जरा जास्तच झालं हे तिला कळत होतं, पण खोटं काय बोललो, असंही वाटत होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये सहा आठवडे निघून गेले. मग एका मंगळवारी तोंडी परीक्षा चालू असताना मीनलकाकूंचा फोन आला. सर पहाटे गेले होते. झोपेतच. समोरचा मुलगा पाठ केलेलं उत्तर सांगत राहिला आणि शलाकाने त्याला दहापैकी दहा देऊन टाकले. काय सांगत होता ते तिला आजही आठवत नाही.

अंत्यविधीच्या गर्दीत काकूंशी बोलणं झालं नाही. खरं तर शलाकानेच ते टाळलं. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यांचा मुलगा पुष्कर पुण्याला परतायची तयारी करत होता. जांभूळहून वेणूबाई आल्या होत्या. पदराला गाठ मारून आणलेल्या तीन पट्ट्या त्यांनी सोडून दाखवल्या.

"मास्तरांच्या येवढ्याच उरल्यान. आता कोन देनार?"

काकू त्यांचा हात धरून बसल्या. वेणूबाई गेल्यावर, पुष्कर खाली टॅक्सी बघायला उतरल्यावर, काकूंनी कपाटातून एक फाइल काढून शलाकाच्या मांडीवर ठेवली.

"हे तुला दाखवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. तेरा दिवस मी त्यांचं ऐकलं. पण तू त्यांना भित्रा म्हणालीस गं. ते माझ्याच्याने विसरवत नाही."

फाइलमध्ये तोच फॉर्म होता. चौथं पानसुद्धा भरलेलं. खाली तारीख होती ती पहिल्या शनिवारची, ज्या दिवशी तिने फॉर्म आणून दिला तीच. फक्त सही नव्हती. नवव्या प्रश्नापुढे सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'होय. गौरव स्मरणिका, पान ३१ ते ३४. लेखक :' आणि त्यापुढे नाव नव्हतं. पेन बराच वेळ टेकवून धरल्यावर पडतो तसा शाईचा एक मोठा ठिपका तेवढा होता.

फॉर्मला स्मरणिकेची पानं टाचलेली होती. शलाकाने स्वतःचं लिखाण वाचलं.

'काकूंनी शर्टासाठी केलेली पेजेची खळ दोन रात्री उघडी राहून आंबली आणि सरांना वाट सापडली. आजही पट्टी तशीच होते. दोन वाट्या पेज, मलमलीतून गाळलेली. त्यात चमचाभर द्रावण. गाळणकागद त्यात तीनदा बुडवायचा, दर वेळी सावलीत वाळवायचा, उन्हात कधीच नाही...'

एकूण एक माप होतं. एकूण एक पायरी होती. सर किती साधे, किती थोर, आणि घरच्या पातेल्यातून त्यांनी काय काढलं, हे लोकांना कळावं म्हणून तिने काहीही हातचं राखलं नव्हतं. तेव्हा तिला पेटंटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि जेव्हा कळायला लागलं, तेव्हा तिने बावीस पेपर तपासले, पण आपण रडत रडत लिहिलेलंही छापलेलंच धरतात, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

"फॉर्म देऊन तू गेलीस त्याच संध्याकाळी त्यांनी स्मरणिका काढली," काकू सांगत होत्या. "मी म्हटलं, लिहून टाका ना सरळ. पोरीने प्रेमाने लिहिलंय, तिला काय माहीत होतं. तर म्हणाले, ती दारोदार हेच सांगत फिरतेय, छापू नका म्हणून. तिच्याच फॉर्मवर तिचं नाव लिहून तिच्याच हातात देऊ? जन्मभर खाईल ते तिला. त्यापेक्षा मी बघू बघू म्हणतो. फार दिवस म्हणावं लागणार नाही."

शलाकाने पानं उलटून पुन्हा नववा प्रश्न काढला.

"तो लेख त्यांच्या उशाशी असायचा," काकू म्हणाल्या. "आल्या-गेल्याला वाचून दाखवायचे. पुष्करच्या सासऱ्यांना दोनदा. मला कंटाळा यायचा ऐकून ऐकून." इथे पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला. "आता कोण वाचणार गं?"

"काकू, मी त्यांचं नाव घालवलं," शलाका रडत म्हणाली. "तुमचंही घालवलं."

शलाकाला वाटलं होतं, काकू नाही म्हणतील. जवळ घेतील, वेडी आहेस का म्हणतील. काकू तसलं काही म्हणाल्या नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "घालवलंस."

खालून पुष्करने हाक मारली, टॅक्सी आली होती. त्याला निरोप देऊन काकू वर आल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि थोड्या वेळाने चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक तिच्यापुढे ठेवला. दोघींनी चहा घेतला. मग शलाकाने पर्समधून पेन काढलं आणि त्या ठिपक्यापुढे, जागा अपुरी होती तरी, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. शेवटच्या पानावर संशोधक म्हणून आणि सरांची वारस म्हणून, अशा दोन्ही ठिकाणी काकूंनी सह्या केल्या. सही करताना त्यांनी पहिलं पान उलटून आपलं नाव पुन्हा एकदा बघून घेतलं.

प्राचार्य फॉर्म वाचून बुचकळ्यात पडले. "मॅडम, हा नामंजूर होणार हे तुम्हीच सांगताय. वर तुमचंच नाव. मग पाठवायचा कशाला? आपण शून्यच दाखवू, मी काही बोलणार नाही."

"पाठवायचाय, सर," शलाका म्हणाली. "सरांनी भरलेला फॉर्म आहे तो."

महिन्याभराने समितीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. शोध उपयुक्त आहे, परंतु पूर्वप्रसिद्धीमुळे पुढील कार्यवाही शक्य नाही. शलाकाने त्याची एक प्रत काकूंना नेऊन दिली. काकूंनी ती वाचली आणि रेशनकार्ड असतं त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. ओट्यावर पेजेचं पातेलं आंबत होतं. वेणूबाईंच्या पट्ट्या थांबून चालणार नव्हत्या, आणि कृती करायला आता कुणाची परवानगी लागणार नव्हती.

पुढच्या सत्राच्या सुरुवातीला कक्षाचं व्याख्यान पुन्हा झालं. या वेळी नव्याने लागलेली शिक्षकमंडळी पुढे बसली होती, मागे महेंद्र आणि जुने. शलाकाने परदेशी प्राध्यापकाचा किस्सा सांगितला नाही. तिने टेबलावरून एक स्मरणिका उचलली, पान एकतीस उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. पातेलं, पेज, मलमल, सावली. तिने चौतिसाव्या पानापर्यंत सगळं वाचलं. मग खाली ठेवून सांगितलं की हा या कॉलेजातला एकमेव शोध, तो दोन माणसांचा होता, आणि या साडेतीन पानांमुळे तो त्यांच्या नावावर कधीच लागणार नाही.

बायोटेकला नुकतीच लागलेली चैत्राली हात वर करून म्हणाली, "पण मॅडम, त्या सरांनी लेखिकेला थांबवलं कसं नाही? आणि अशी अख्खी कृती छापून टाकणारी ही बाई होती तरी कोण?"

मागच्या बाकावर महेंद्रने मान खाली घातली. त्याला माहीत होतं, स्मरणिका त्याच्याही घरी होती.

"मी," शलाका म्हणाली. तिने फॉर्मचा गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवला. "एकेक घ्या आणि मागे द्या. आणि नववा प्रश्न आधी वाचा."